उपचारात चूक झाली असं वाटतं, तेव्हा

माझ्या आत्याचं उभं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. साठी उलटली आणि बोटांचे सांधे असे सुजले, की सुपातलं पान उचलेना. सोलापुरातल्या एका खासगी दवाखान्यात चार दिवस ऍडमिट केलं. संधिवात निघाला, गोळ्या सुरू झाल्या, ती घरी आली. नवव्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे गेलो, तर चहाचा कप तसाच बाजूला सारलेला. तोंडभर फोड, ओठ सोलवटलेले. "उष्णता झालीय रे, सब्जाचं पाणी घेते की," ती म्हणाली.

मी तिच्या उशाशी ठेवलेली पिशवी उघडली. डिस्चार्ज कार्डावर औषधांची यादी छापलेली होती. पाचव्या ओळीत मेथोट्रेक्सेट साडेसात मिलिग्रॅम, पुढे १-०-०. सहाव्या ओळीत फॉलिक ऍसिड, पुढे तेच १-०-०. म्हणजे दोन्ही गोळ्या रोज सकाळी एकेक. आत्यानं एकही दिवस चुकवला नव्हता. त्या कार्डात काही वावगं आहे हे मला दिसलं नाही. तिला दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं आणि विचारलं, "ही गोळी रोज घेतली?" आत्यानं मान हलवली. ते खुर्चीतून उठलेच.

मेथोट्रेक्सेट ही संधिवातावरची चांगली, जुनी, जगभर वापरली जाणारी गोळी आहे. पण ती घ्यायची असते आठवड्यातून एकदा. रोज घेतली तर हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं, तिथेच ती घाव घालते. पांढऱ्या पेशी घटतात, साधा जंतूही जिवावर बेततो. तोंडातले फोड ही त्याची लवकर दिसणारी खूण. आत्या अकरा दिवस वेगळ्या खोलीत होती, मेथोट्रेक्सेटचा मारा थोपवणाऱ्या ल्युकोवोरिनची इंजेक्शनं चालू होती. ती वाचली.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. कायदा शिकलेलो नाही. पण आत्याच्या प्रकरणात जे कागद गोळा केले, निकाल वाचले, लोकांना विचारलं, त्यातून बरंच समजलं. आता वस्तीतले लोक आपापल्या फायली घेऊन माझ्याकडे येतात. प्रत्येकाला तेच तेच सांगावं लागतं, म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवतोय.

चूक एकाच माणसाची नसते

आत्याच्या फाईलची प्रत पुढे हातात आली, तेव्हा पहिला धक्का बसला. मोठ्या डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं बरोबर लिहिलं होतं: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, रविवारी. फॉलिक ऍसिड रविवार सोडून रोज. मग चुकलं कुठे? हे हाताचं लिखाण कॉम्प्युटरवर उतरवताना. तिथल्या तक्त्यात सकाळ-दुपार-रात्र असे तीनच रकाने होते. 'आठवड्यातून एकदा' लिहायला जागाच नव्हती. उतरवणाऱ्यानं दोन्हींपुढे १-०-० टाकलं. डिस्चार्जच्या वेळी संध्याकाळची गर्दी होती. सिस्टरनी गोळ्या हातात दिल्या, कार्ड दिलं, सांगायला वेळ झाला नाही. मेडिकलवाल्यानं कार्डाप्रमाणे तीस गोळ्या मोजून दिल्या. आम्ही घरच्यांनी काहीच विचारलं नाही.

जेम्स रीझन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं हे फार चांगलं समजावलंय. आपल्या शब्दांत सांगायचं तर एकाखाली एक धरलेल्या चाळण्या. प्रत्येक चाळणीला भोकं असतात, पण एकीतून सुटलेला खडा सहसा खालचीत अडकतो. ज्या दिवशी सगळ्यांची भोकं एका रेषेत येतात, त्या दिवशी खडा थेट ताटात पडतो. आमच्याकडे चार चाळण्या होत्या आणि चारींतून ती गोळी निसटली.

ही काही सोलापूरची किंवा भारताचीच गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार उपचार घेणाऱ्या दर १० पैकी साधारण १ रुग्णाला उपचारातूनच काही ना काही इजा होते, आणि असुरक्षित उपचारांमुळे जगात दरवर्षी ३० लाखांहून जास्त मृत्यू होतात. यातली निम्म्याहून जास्त इजा टाळता येण्यासारखी असते, आणि त्या टाळता येण्यासारख्यांपैकी निम्मी औषधांशी जोडलेली. म्हणून फक्त 'त्या डॉक्टरला धडा शिकवा' म्हणून भागत नाही. तक्त्यात चौथा रकाना घालणं हेही तितकंच गरजेचं असतं.

कायदा कशाला निष्काळजीपणा म्हणतो

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पेशंट बरा झाला नाही, किंवा दगावला, म्हणजे डॉक्टर दोषी, असं कायदा मानत नाही. टीबीची औषधं घेताना काहींना कावीळ होते. ती औषधाची माहीत असलेली बाजू आहे, कुणाचा गुन्हा नाही. पण पेशंट पिवळे डोळे घेऊन आला आणि 'होतं असं, चालू ठेवा' म्हणून एक रक्ततपासणीही न करता परत पाठवला, तर मात्र प्रश्न उभा राहतो. पहिली झाली गुंतागुंत. दुसरा निष्काळजीपणा ठरू शकतो.

कसोटी अशी: त्या विषयातला सर्वसाधारण कुशल डॉक्टर त्या परिस्थितीत जेवढी काळजी घेईल, तेवढी इथे घेतली गेली का? देशातला सर्वांत हुशार डॉक्टर काय करेल, हे विचारत नाहीत. उपचाराच्या दोन मान्य पद्धती असतील आणि डॉक्टरनं त्यातली एक निवडली, तर दुसरी जास्त चांगली ठरली असती एवढ्यावरून तो दोषी ठरत नाही. ही कसोटी इंग्लंडमधल्या १९५७ च्या बोलॅम खटल्यातून आली आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात ती पक्की केली.

आपल्याच राज्यातलं जुनं प्रकरण बघा. १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला नेलं. तिथे भूल न देता, माणसं लावून, जोर लावून पाय ओढण्यात आला आणि त्या धक्क्यानं तो गेला, असं न्यायालयांनी पुराव्यावरून मानलं. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली: केस हातात घ्यायची की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि तो देताना काळजी. आजही निकालांमध्ये ही तीन कर्तव्यं उद्धृत होतात. आत्याच्या बाबतीत पहिली दोन नीट पाळली गेली होती. चूक तिसऱ्यात होती.

आणि एक प्रकरण आहे, जे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. जुलै १९६३, तेव्हाच्या औरंगाबादचं सरकारी रुग्णालय. बाळंतपणानंतर एका बाईची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. नंतर ताप चढला, पोट असह्य दुखू लागलं. पोट पुन्हा उघडलं, तर आत टॉवेल राहिलेला. जखमेतलं रक्त टिपायला वापरतात तसला. काही दिवसांत ती वारली. खालच्या न्यायालयानं ३६,००० रुपये भरपाई दिली, उच्च न्यायालयानं ती रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयानं ती पुन्हा दिली तोवर १९९६ उजाडलं होतं. तेहतीस वर्षं. पण त्या निकालानं दोन गोष्टी कायमच्या सांगून ठेवल्या. पोटात टॉवेल राहिला असेल तर निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करावा लागत नाही, वस्तूच बोलते. आणि सरकारी दवाखान्यातल्या कर्मचाऱ्याच्या चुकीची भरपाई सरकारला द्यावी लागते, नेमका कोणाच्या हातून टॉवेल राहिला हे बोट ठेवून दाखवता आलं नाही तरी.

आमच्या कारखान्यात गठ्ठा बांधण्याआधी टॉवेल दोघं मोजतात. एकाचा आकडा दुसऱ्याला न सांगता. डझनात एक कमी निघाला तर गठ्ठा थांबतो. ऑपरेशन थिएटरमध्येही हाच नियम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली. पेशंट थिएटरबाहेर नेण्यापूर्वी सिस्टरनं मोठ्यानं सांगायचं, की हत्यारं, कापडं, सुया यांची मोजणी पूर्ण झाली. दिल्लीसह जगातल्या ८ शहरांतल्या ८ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. एक कागद मोठ्यानं वाचण्याचा हा परिणाम. ऑपरेशन ठरलं की 'तुमच्याकडे ही यादी वापरता का?' एवढं विचारायला आपण कचरू नये. चांगले सर्जन याचं वाईट वाटून घेत नाहीत.

आधी फाईल

कुणी माझ्याकडे रडत आलं की मी पहिलं हेच विचारतो: फाईल घेतली का? बहुतेकांकडे असतं डिस्चार्ज कार्ड, बिल आणि एक्स-रे. ती फाईल नव्हे. फाईल म्हणजे आत राहणारे कागद: केसपेपर, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, सिस्टरच्या नोंदी, कोणतं औषध किती वाजता दिलं त्याचा तक्ता, भूल देणाऱ्याची नोंद, ऑपरेशनची नोंद, संमतीपत्रं, सगळे रिपोर्ट.

हे कागद मागणं म्हणजे भांडण नव्हे. डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ चे नियम सांगतात, की ऍडमिट पेशंटच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपून ठेवायच्या, आणि पेशंटनं किंवा त्यानं नेमलेल्या माणसानं मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या. तोंडी मागू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, पेशंटचं नाव, ऍडमिट आणि डिस्चार्जची तारीख, 'संपूर्ण वैद्यकीय नोंदींची प्रत मिळावी' एवढं एक वाक्य. दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. काउंटरवर घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा. सरकारी दवाखाना असेल तर माहिती अधिकाराचा रस्ताही आहे.

आत्याच्या वेळी मी आधी चिडून फोनवर बोललो होतो, काही निघालं नाही. मग शांतपणे अर्ज दिला. तिसऱ्या दिवशी प्रत मिळाली आणि सोबत डॉक्टरांचा निरोप, की भेटायला या. त्यांनी फाईल टेबलावर उघडून दोन्ही कागद शेजारी ठेवले. हाताचं लिखाण आणि छापील कार्ड. "हे आमच्याकडून चुकलंय," असं सरळ म्हणाले. दोन्ही दवाखान्यांचा खर्च दिला. आत्यानं तक्रार करायची नाही असं ठरवलं, तो तिचा निर्णय होता. मला त्या वेळी तो पटला नव्हता. आज मला वाटतं, तिला पैशांआधी हवं होतं ते 'आमच्याकडून चुकलंय' हे वाक्य. फायली घेऊन येणाऱ्यांमध्येही हेच दिसतं. माणूस गेला त्या रात्री काय झालं, हे कुणीतरी समोर बसून खरं सांगावं, एवढीच त्यांची पहिली मागणी असते. ती नाकारली जाते तेव्हाच पुढच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

मृत्यू झाला असेल आणि कारणाबद्दल शंका असेल, तर आणखी एक अवघड गोष्ट त्याच वेळी ठरवावी लागते: शवविच्छेदन. गावाकडं नातलग खोळंबलेले असतात, कुणाला आपल्या माणसाची चिरफाड नको असते. मी ते समजू शकतो. पण मृत्यूचं कारण सांगणारा तो सगळ्यात भक्कम कागद असतो, आणि अंत्यसंस्कारानंतर तो सहसा मिळवता येत नाही.

संमतीपत्राबद्दल थोडक्यात. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. आणि सही केली म्हणजे सगळं माफ असंही नाही. २००८ च्या समीरा कोहली प्रकरणात तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय तिच्या आईची संमती घेऊन काढलं गेलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, पेशंट सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नाही, तर तिच्या शुद्धीवर येण्याची वाट बघायची. एका गोष्टीची संमती दुसऱ्या गोष्टीला चालत नाही.

तक्रार कुठे करायची

भरपाई हवी असेल तर बहुतेकांसाठी रस्ता ग्राहक आयोगाचा. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पैसे घेऊन दिलेला उपचार ही ग्राहक कायद्यातली सेवा ठरवली, आणि २०१९ चा नवा कायदा आल्यावरही ते कायम आहे. पैसे विमा कंपनीनं भरले असले तरी चालतं. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विमा योजनेच्या, दवाखान्यांतली सेवाही यात येते, ही गोष्ट आपल्याकडच्या कामगारांना सहसा माहीत नसते. जिथे सरसकट सगळ्यांना सगळं फुकट आहे, तो दवाखाना या कायद्यात येत नाही, आणि केसपेपरपुरते किरकोळ पैसे भरले म्हणून तो बदलत नाही. पण जिथे काहींकडून शुल्क घेतात आणि काहींना मोफत, तिथे मोफतवाल्यालाही तक्रारीचा हक्क आहे. पूर्ण फुकट सरकारी दवाखान्याच्या बाबतीत दिवाणी न्यायालय उघडं आहेच. औरंगाबादचं प्रकरण तसंच चाललं.

उपचारासाठी भरलेले पैसे ५० लाखांपर्यंत असतील तर जिल्हा आयोगाकडे जायचं. भरपाई किती मागता यावर हे ठरत नाही. बिल ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही, तरी गुंतागुंतीच्या प्रकरणात घ्यावा असं माझं मत. आणि आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं: तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते. अक्कलकोटच्या माणसाचं ऑपरेशन पुण्यात किंवा हैदराबादला झालं असलं, तरी तो सोलापूरच्या जिल्हा आयोगात तक्रार देऊ शकतो. तारखेला पुण्याला खेटे घालायला नकोत.

मुदत २ वर्षांची. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्यावर विसंबू नका. एका बाईची १९९३ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली होती. पोटात कापडाचा तुकडा राहिल्याचं २००२ मध्ये कळलं, तक्रार २००४ मध्ये केली. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये ती मुदतबाह्य ठरवली. इतकी वर्षं पोट दुखत असताना वेदनाशामक गोळ्या घेत राहण्यापेक्षा त्याच सर्जनला विचारायला हवं होतं, असं न्यायालयाचं म्हणणं. मला हा निकाल कठोर वाटतो, पण आहे तो असा आहे. ऑपरेशननंतर दुखणं थांबत नसेल तर परत जा, आणि गेल्याची नोंद कागदावर राहू द्या.

तज्ज्ञ डॉक्टरचं मत प्रत्येक प्रकरणात लागतंच असं नाही, हे २०१० मध्येच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. उघड चूक असेल तर नाही, वैद्यकीय बारकावे असतील तर हवं. व्यवहारात दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत मिळवणं हाच सगळ्यात चढाचा रस्ता असतो.

डॉक्टरच्या वर्तनाची चौकशी हवी असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. तिथून ताकीद मिळू शकते, नोंदणी निलंबित होऊ शकते, पैसे मिळत नाहीत. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या. पोलिसांकडे जाण्याचा रस्ता सगळ्यात अरुंद आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू झालंय. निष्काळजीपणानं मृत्यू ओढवल्यास ५ वर्षांपर्यंत शिक्षा, नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय प्रक्रियेदरम्यान झाल्यास २ वर्षांपर्यंत. पण फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा घोर असावा लागतो, आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र डॉक्टरचं, शक्यतो सरकारी, मत घ्यावं असं २००५ चा जेकब मॅथ्यू निकाल सांगतो.

दगड उचलायचा विचार कुणाच्या मनात आला तर त्याला घरच्यांनी धरून ठेवावं. दवाखान्यात तोडफोड किंवा मारहाण केली तर महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानं ३ वर्षांपर्यंत कैद, आणि नुकसानीची दुप्पट भरपाई. त्यापेक्षाही मोठं नुकसान म्हणजे त्या दिवसापासून प्रकरण पेशंटचं राहत नाही, तोडफोडीचं होतं. आणि ज्या सिस्टरनं रात्रभर जागून सलाईन बदललं, मार तिला बसतो.

मागच्या आठवड्यात यंत्रमागावर काम करणारा एकजण आला होता. बायकोच्या ऑपरेशनला एक वर्ष दहा महिने झालेले. त्याच्या मोबाइलमध्ये रिपोर्टचे फोटो होते, फाईल नव्हती. आम्ही त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तो परत आला, घडी घातलेला कागद उघडून माझ्यासमोर धरला आणि शिक्क्यावरची तारीख नीट उमटलीय ना, असं दोनदा विचारलं. उमटली होती. त्या तारखेपासून ७२ तास मोजायचे, आणि मुदतीचे दोन महिने हातात आहेत.